शाम्पू बार घेताय? आधी घरचं पाणी बघा

दिवाळी सरली की नागपूरची हवा कोरडी पडते. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि टाळूही ओढल्यासारखी होते. मागच्या हिवाळ्यात आईच्या निळ्या शालीवर रोज पांढरा भुगा दिसायचा. रात्री झोपेतही तिचा हात डोक्याकडे जायचा.

तिच्यासाठी मी खोबरेल आणि शिकेकाईचा, घरगुती पद्धतीनं बनवलेला शाम्पू बार आणला. तीन वेळा नहाणं झालं आणि केस मेणचट झाले. कंगव्याच्या दातांत राखाडी थर बसू लागला, खाज तर दुप्पट वाढली. बार भेसळीचा नव्हता. पण तो साबण होता, आणि आमच्या मानेवाड्याच्या घरी न्हाणीत बोअरचं पाणी येतं.

म्हणून आधी पाणी तपासा. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी नितळ राहिलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ झालं तर ते जड. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा साका करतात. बादलीच्या कडेला जो पांढरा थर दिसतो, तोच केसांवर आणि टाळूवर बसतो. आमच्याकडे बोअरची बाटली दुधाळ झाली. महापालिकेच्या नळाची त्या मानानं बरी निघाली. तेव्हापासून आईच्या डोक्यासाठी दोन बादल्या नळाचं पाणी वेगळं भरून ठेवतो.

आता बार. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. सोडियम कोकोएट, सोडियम पामेट, सोडियम ऑलिव्हेट असं काही दिसलं, किंवा तेलासोबत कॉस्टिक सोडा लिहिला असेल, तर तो साबण. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ९ ते १० असतो. निरोगी टाळूचा ५.५ च्या आसपास. एवढ्या फरकानं आधीच कोरडी असलेली त्वचा आणखी उघडी पडते. सोडियम कोकॉईल आयसेथिओनेट लिहिलेला बार साबण नसतो. तेही बहुतेक खोबरेलातल्या घटकांपासूनच बनतं, पण त्वचेला सौम्य असतं आणि जड पाण्यात साका धरत नाही. कोरड्या टाळूसाठी मी हाच घ्या म्हणेन. उग्र वासाचा, संत्र्या-लिंबाच्या तेलाचा बार टाळा. संत्री आपली असली तरी त्या तेलानं चिरलेली टाळू चुरचुरते.

नहाण्याआधी तासभर चमचाभर खोबरेल बोटांच्या पेरांनी टाळूला लावा. थापू नका, नाहीतर ते काढायला दोनदा फेस करावा लागतो आणि टाळू पुन्हा कोरडी होते. पाणी कोमट हवं. मे महिन्यात टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, तेव्हा बादली आदल्या रात्रीच भरून ठेवा. केस पूर्ण भिजवा. बार डोक्यावर घासू नका, ओल्या तळव्यांत फिरवून फेस करा आणि तो टाळूवर मिनिटभर हलक्या हातानं चोळा. नखं लावायची नाहीत. केसांच्या टोकांना वेगळा फेस नको, वरून ओघळतो तेवढा पुरतो. मग बोटांना निसरडं लागायचं थांबेपर्यंत धुवा. आई इथेच घाई करायची. कानामागे आणि मानेवर फेस राहायचा आणि नेमकी तिथंच खाज सुटायची. आठवड्यातून दोनदा पुरे.

घरात साबणाचाच बार असेल तर शेवटी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता आणि साध्या पाण्यानं धुवा. साका सुटतो. खाजवून जखमा झाल्या असतील तर मात्र व्हिनेगर लावू नका.

हे सगळं कोरड्या टाळूसाठी, जिथं भुगा बारीक, पांढरा आणि सुका असतो. कोंडा वेगळा. त्याच्या खपल्या मोठ्या, पिवळसर, तेलकट असतात आणि त्यावर तेल चोपडलं की तो वाढू शकतो. जाड चंदेरी पापुद्रे, पाणी सुटणं, चकत्यांत केस जाणं, किंवा महिनाभरात काहीच फरक नसणं, यातलं काहीही दिसलं तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. बार बदलत बसू नका.

आईला तिसऱ्या आठवड्यात फरक पडला. आता बारचे दोन तुकडे करून एक कोरड्या डब्यात ठेवते आणि वापरातला जाळीच्या साबणदाणीत खिडकीत, सावलीला. न्हाणीतल्या ओल्या कोनाड्यात ठेवला होता, तेव्हा आठवडाभरात त्याचा लगदा झाला होता.