घरच्या संग्रहासाठी डिस्क: किती, कोणत्या आणि कुठे ठेवायच्या

नॅसची पेटी (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायची डिस्कची पेटी) बघायला जाण्याआधी कागदावर मोजदाद करा. मिनी डीव्ही टेपचा एक तास कॉम्प्युटरवर उतरवला की १३ जीबी लागतात, ४० टेपांचे ५२० जीबी. कॅमेऱ्याची रॉ (न दाबलेली मूळ) फाइल २८ एमबीची धरली तर ३०,००० फोटोंचे ८४० जीबी. फोनवरचा ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमवर, एचईव्हीसी या दाबून साठवण्याच्या पद्धतीत, मिनिटाला सुमारे १७० एमबी खातो, म्हणजे तासाला १० जीबी आणि ४० तासांचे ४००. सेटिंग ६० फ्रेमवर राहिलं असेल तर तासाला २४ जीबी, तेवढं तपासून घ्या. सीडीवरून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता गाणी साठवणाऱ्या फाइलींत) घेतलेले ६०० अल्बम ३५० एमबीप्रमाणे २१० जीबी, आणि दीडशे डीव्हीडी ७ जीबीप्रमाणे १,०५०. बेरीज ३ टीबी.

वर्षाला अर्ध्या टीबीची भर धरली तर पाच वर्षांनी साडेपाच टीबी होतील. डिस्क ८० टक्क्यांवर भरू द्यायची नाही म्हटलं की सात लागतात, म्हणून ८ टीबीची घ्यायची. विंडोज ती ७.२७ दाखवेल. दुकानदाराने फसवलेलं नसतं; कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

मग त्याच यादीत पुन्हा कुठूनही मिळणार नाही त्यावर खूण करा. डीव्हीडी आणि सीडी कपाटात आहेत, पुन्हा उतरवता येतील. टेपा, फोटो, फोनचे व्हिडिओ मिळून आजचे १.७६ टीबी, पाच वर्षांची सगळी भर यातच पडली तरी सव्वाचार. खरा जीव यात अडकलाय.

त्यामुळे खरेदी अशी: ८ टीबीच्या दोन डिस्क आणि ५ टीबीची एक पोर्टेबल. पहिली ८ टीबी रोजच्या वापरात, नॅसमध्ये किंवा जुन्या डेस्कटॉपमध्ये. दुसरी वेगळ्या केसमध्ये, आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी झाली की काढून ठेवायची. पोर्टेबलवर फक्त खूण केलेला माल, आणि ती बहिणीकडे किंवा गावच्या घरी. दर तीन-चार महिन्यांनी आणून ताजी करायची. दोनच डिस्क असताना त्या पेटीत घालून मिरर करू नका, म्हणजे एकीवर झालेला बदल त्याच क्षणी दुसरीवर उमटेल अशा जोडू नका. मिररमध्ये चुकून उडवलेला फोल्डर दोन्हीकडून एका क्षणात जातो, व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फाइलींचंही तेच. डिस्क बिघडली तरी काम थांबू नये एवढ्यासाठी रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत; मिरर हा त्यातलाच प्रकार) असतं. घरात तासभर फोटो दिसले नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही.

डिस्क घेताना ती सीएमआर आहे की एसएमआर ते विचारा. सीएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या शेजारी-शेजारी सुट्या असतात. एसएमआरमध्ये कौलं चढवतात तशा माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. नुसत्या साठवणीला हे चालतं, पोर्टेबल डिस्क बहुधा तशाच असतात. पण रेडमधली बिघडलेली डिस्क बदलल्यावर होणारी पुनर्बांधणी त्यांवर रखडते, कधी डिस्क रेडमधून बाहेरच फेकली जाते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red, वरच्या रेडशी संबंध नाही) नावाच्या मालिकेत २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर आहेत, रेड प्लस सीएमआर. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ सीएमआर, तर ८ टीबीची बॅराकुडा एसएमआर.

नवी डिस्क आली की लगेच माल भरू नका. आधी स्मार्टची (डिस्कमधल्याच तब्येत-तपासणीची) लाँग टेस्ट लावा. ८ टीबीला १२ तासांहून जास्त लागू शकतात. नंतर स्मार्टच्या यादीतल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या, म्हणजे खराब जागांच्या, नोंदी बघा. तिथे शून्याशिवाय काही दिसलं तर परत करण्याची मुदत आहे तोवर परत करा. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलचा दोष असतो.

पहिली कॉपी गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० एमबीने जाते, ३ टीबीला सुमारे साडेसात तास. वेग ११-१२ वरच अडकला असेल तर लॅन केबलच्या आठपैकी एखादी तार तुटलेली असू शकते; केबल बदलून बघा. कॉपी पडताळणीसह करा, विंडोजवर टेराकॉपीत तशी सोय आहे. आरसिंक (फोल्डर जुळवून कॉपी करणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी डिलीटचा, म्हणजे मूळ जागी नसलेलं बॅकअपमधूनही उडवण्याचा, पर्याय जपून लावावा: मूळ डिस्क माउंट झाली (सिस्टिमला जोडली गेली) नसेल तर त्याला रिकामा फोल्डर दिसतो, आणि तो इमानदारीने बॅकअपही रिकामा करतो.

फाइलींना मराठी नावं देणाऱ्यांसाठी दोन खड्डे. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइली साठवण्याच्या पद्धतीत (नॅसमध्ये बहुधा लिनक्सच असतं) नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना-मात्राही मोजल्या जातात. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर सुखाने नांदणारं ‘ताईच्या लग्नाआदल्या दिवशीची हळद…’ छापाचं लांबलचक नाव नॅसवर कॉपीच होत नाही. दुसरं, ‘दुसऱ्या’मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). मॅकची फाइली साठवण्याची जुनी एचएफएस प्लस पद्धत तो फोडून ठेवते, विंडोजवर टाइप केलेला सहसा एकसंध असतो. डोळ्यांना नाव एकच, बॅकअपच्या प्रोग्रॅमला दोन, आणि फाइल दोनदा साठवली जाते. फोल्डरची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशा तारखेने करा आणि आकडे एकाच लिपीत ठेवा, नाहीतर क्रम विस्कटतो.

विजेचं. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना पडणाऱ्या खंडात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. पण बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही. त्यासाठी यूएसबी डेटा पोर्ट असलेला यूपीएस लागतो; स्वस्त ६०० व्हीएच्या बऱ्याच मॉडेलांना तो नसतो, मागची बाजू बघून घ्या.

कोकणात किंवा मुंबईत टेपा उतरवायचं काम जूनच्या आधी उरका, कारण पावसाळ्यात टेपांवर बुरशी धरते. बुरशीची टेप डेकमध्ये घालू नका, हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या टेपाही बिघडतात. बाजूला काढलेली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.