जाळीमागचा वाघ स्पष्ट कसा टिपला

संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढरा वाघ पाहायला मिळतो, पण त्याचा फोटो काढताना कॅमेरा वाघाऐवजी समोरची जाळीच धरतो. लेन्स जाळीला टेकवली की जाळी दिसेनाशी होते, असं सगळे सांगतात. वाघाच्या पिंजऱ्यापुढे मात्र कठडा असतो आणि तो ओलांडायचा नाही म्हणजे नाही. मग उपाय कठड्याच्या अलीकडूनच शोधावा लागला.

झूम पूर्ण २०० मिमीवर नेला, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, जितकं उघडेल तितकं उघडलं, आणि फोकस एकाच बिंदूवर ठेवून तो वाघाच्या डोळ्यावर धरला. तरीही वाघ जाळीजवळ असेपर्यंत काही उपयोग नाही. तो आत, मागच्या भिंतीकडे गेला की जाळी विरघळते. तेवढा धीर हवाच.

सगळ्यात मोठा फरक पडला तो सावलीने. आपल्याकडच्या उन्हात जाळीची तार चकाकते आणि अख्ख्या फोटोवर पांढुरका पडदा येतो. झाडाची सावली पडलेला जाळीचा भाग निवडला, तर रंग लगेच खुलतात. मागे काळोख असेल तर फोटोत पांढरी कातडी जळून जाते, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसते, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं उणे करा.

फ्लॅश बंदच ठेवा. तो जाळीवरच आपटतो, शिवाय जनावर बिचकतं. हाका मारून, शिट्ट्या वाजवून वाघाला उठवणारे दिसले तर त्यांनाही थांबवा, कृपा करून.