बोंडूचा रस, भाताचा पेंढा आणि वजनकाटा: इंधन बनवणारे जंतू समजून घ्यायचा प्रयोग

एप्रिलमध्ये आमच्या वेंगुर्ल्याकडच्या कुठल्याही काजूबागेत जा, झाडाखाली बोंडूंचा सडा पडलेला असतो. बी पिळून काढली की बोंडू तिथेच टाकायचा, दोन दिवसांत तो आंबतो आणि तो ओळखीचा वास सुटतो. आता आंबतो म्हणजे काय होतं, तर हवेतलं आणि सालीवरचं यीस्ट त्यातली साखर खाऊन इथेनॉल बनवतं, पेट्रोलमध्ये मिसळतात तेच इथेनॉल. आणि त्याच बागेच्या कडेला पेंढ्याची उडवी उभी असते, त्या पेंढ्यातही भरपूर साखर आहे पण तो वर्षभर ठेवला तरी असा आंबत नाही. हे का, आणि जनुकं बदललेले जंतू यात नेमकं काय करतात, हे अकरावी-बारावीच्या मुलांना चार बाटल्या आणि एक वजनकाटा घेऊन दाखवता येतं. मी कॉलेजच्या लॅबमध्ये हे करून घेतो, तर कसं करायचं ते सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हा प्रयोग लॅबमध्ये, शिक्षकांसमोर, प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन आणि राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसला विचारूनच करायचा. आंबवलेलं रसायन घरी ठेवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात अडकू शकतं आणि ऊर्ध्वपातन तर अजिबात करायचं नाही. गरजही नाही कारण आपण इथेनॉल बाहेर काढत नाही, फक्त वजनावरून मोजतो.

वजनावरून कसं ते बघा. एक रेणू ग्लुकोजपासून दोन रेणू इथेनॉल आणि दोन रेणू कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. वायू उडून जातो, बाटली हलकी होते. बाटलीचं वजन १ ग्रॅमने घटलं म्हणजे आत साधारण १.०५ ग्रॅम इथेनॉल तयार झालं, एवढं साधं गणित आहे. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा पुरतो. यासाठी हायड्रोमीटर नको, महागडं मशीन नको, आणि मुलं स्वतः दर चार तासांनी वजन लिहितात तेव्हा जे डोक्यात शिरतं ते फळ्यावरच्या समीकरणाने शिरत नाही.

पहिली बाटली बोंडूची. बोंडू झाडावरून काढलेले किंवा त्याच सकाळी पडलेले घ्या. एका वर्षी आम्ही दोन दिवस पडलेले गोळा केले आणि आठवड्याने बाटलीत व्हिनेगर निघालं, कारण तोपर्यंत इथेनॉल खाणारे दुसरे जंतू आत शिरलेले होते. बोंडू धुवून, चिरून, पंच्यात घट्ट पिळून रस काढा. हा रस घसा धरतो ते टॅनिनमुळे, ते काढायला आपल्या घरची युक्ती आहे, भाताची घट्ट पेज गार करून रसात घाला, ढवळा आणि तासभर ठेवा, गाळ खाली बसतो, वरचा रस दुसऱ्या भांड्यात निवळून घ्या. तो रस ८० अंशांपर्यंत तापवून गार करा म्हणजे जंगली जंतू बऱ्यापैकी मरतात. आता ५०० मिली रस, त्यात बेकरीचं कोरडं यीस्ट २ ग्रॅम. बाटलीचं झाकण कधीही घट्ट लावायचं नाही, पुन्हा सांगतो, कधीही नाही, वायूचा दाब वाढून काचेची बाटली फुटते आणि डोळ्याला लागू शकतं. प्लास्टिकची बाटली घ्या आणि झाकणाला नळी लावून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडा. वजन करताना मात्र नळी काढून ठेवा.

आमच्या एप्रिलच्या उकाड्यात रात्री यीस्ट घातलं की सकाळी लॅबचं दार उघडताच बुडबुडबुड आवाज येतो, मुली नळीकडे कान लावून बसतात. रसात १० टक्के साखर धरली तर ५०० मिलीत ५० ग्रॅम, म्हणजे पूर्ण आंबलं तर वजन साधारण २४ ग्रॅमने घटायला हवं. आपल्याला थोडं कमीच मिळतं, कारण थोडी साखर यीस्ट स्वतःची वाढ करायला वापरतं आणि थोडा वायू रसात विरघळून राहतो, म्हणून वजन करण्याआधी बाटली हलक्या हाताने फिरवा. या चार बाटल्यांशिवाय एक जास्तीची बाटली नुसतं पाणी आणि यीस्टची ठेवा, बाष्पीभवनाने किती जातं ते कळतं आणि तेवढं वजा करायचं. या हिशोबाने एक लिटर इथेनॉलला साधारण पंचवीस-तीस किलो बोंडू लागतात. काजूबीपेक्षा बोंडू कितीतरी जड असतो, म्हणजे बागायतदाराकडे बी पोत्यात गेली तरी वजनाने जास्त माल झाडाखालीच राहिलेला असतो, हे मला फार लागतं.

दुसरी बाटली पेंढ्याची. ५० ग्रॅम पेंढा बोटभर कापून ५०० मिली पाण्यात उकळवा, गार झाला की यीस्ट घाला. चार दिवस वजन घ्या, जवळजवळ काहीच हलत नाही. कारण पेंढ्यातली साखर सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजमध्ये साखळीने बांधलेली आहे, त्याच्याभोवती लिग्निन म्हणजे पेंढ्याला कडक करणारा चिवट पदार्थ, शिवाय भाताच्या पेंढ्यात सिलिकाही भरपूर. यीस्टचं तोंड तिथपर्यंत पोचतच नाही.

तिसऱ्या बाटलीत आपण ते दार उघडायचा प्रयत्न करतो. ५० ग्रॅम पेंढ्याला ५ ग्रॅम खायचा चुना घेऊन पाण्यात तासभर मंद उकळवा, हातमोजे आणि चष्मा घालून, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. मग पेंढा भरपूर पाण्याने धुवा, लिंबूसत्त्वाने पीएच ५ च्या आसपास आणा, कागदी पट्टीने तपासा. लॅबचं सामान मिळतं तिथून सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोजची साखळी तोडणारं एन्झाइम आणा, पाकिटावरचं प्रमाण बघून घाला आणि ५० अंशाला दोन दिवस ठेवा. मग ३० अंशापर्यंत गार करून यीस्ट. आता वजन घटतं, पण आमच्याकडे चार-पाच ग्रॅमच्या वर कधी गेलं नाही, बोंडूच्या जवळपासही नाही.

आता चौथी, माझी आवडती. झायलोज नावाची साखर लॅबच्या दुकानात मिळते, ती हेमिसेल्युलोज तुटल्यावर निघणारी पाच कार्बनची साखर. १० ग्रॅम झायलोज २०० मिली पाण्यात, १ ग्रॅम यीस्ट. तीन दिवस काटा जागचा हलत नाही. मुलं म्हणतात सर यीस्ट मेलं. तेव्हा त्याच बाटलीत मेडिकलवाल्याकडचं ग्लुकोज पावडर १० ग्रॅम घालायचं आणि बाटलीचं नवीन वजन लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वजन चार ग्रॅमच्या आसपास उतरलेलं असतं. यीस्ट जिवंत होतं, भूकही होती, पण समोर ठेवलेली साखर त्याला पचतच नव्हती.

इथे जनुकं बदललेल्या जंतूंचं काम कळतं. पेंढ्यातला मोठा वाटा झायलोजचा आहे, तो सोडून दिला तर कारखान्याचं गणित बसत नाही. १९८७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इन्ग्रॅम यांच्या टीमने उलटा रस्ता धरला. ई. कोलाय हा जंतू ग्लुकोज आणि झायलोज दोन्ही साखरा खातो पण इथेनॉल फारसं बनवत नाही, म्हणून झायमोमोनास या दुसऱ्या जंतूची इथेनॉल बनवणारी दोन जनुकं त्याच्यात घातली. १९९१ मध्ये त्याला अमेरिकेचं ५०,००,००० वं पेटंट मिळालं. १९९३ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी यीस्टच झायलोज खाईल असं केलं. आणि २००३ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये ज्या बुरशीतलं झायलोज पचवणारं जनुक यीस्टमध्ये चालवून दाखवलं, ती बुरशी भारतीय हत्तीच्या शेणातून वेगळी केलेली होती. आमच्या दोडामार्गात तिलारीच्या बाजूला हत्ती येतात, बागा-शेतं तुडवतात, लोक रात्र रात्र जागतात, ते दुःख मोठं आहे. पण त्याच प्राण्याच्या पोटात बांबू-गवत पचवणारी ही जनुकं होती हे वर्गात सांगितलं की पोरं गप्प होऊन ऐकतात.

असे बदललेले जंतू स्वतः मागवायचे किंवा बनवायचे नाहीत. १९८९ च्या नियमांनुसार त्याला संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि वरची मंजुरी लागते. ज्याला यात पुढे जायचंय त्याने मुंबईच्या आयसीटीतलं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ऊर्जा जैवविज्ञान केंद्र बघावं, नाहीतर पानिपतचा इंडियन ऑइलचा कारखाना, १० ऑगस्ट २०२२ ला लोकार्पण झालेला, पेंढ्यापासून दिवसाला १०० किलोलिटर इथेनॉल बनवायच्या क्षमतेचा.

प्रयोग संपला की बाटल्यांतलं काही कोणी प्यायचं नाही, चाखायचंही नाही, आणि गटारात ओतायचं नाही. कॉलेजच्या आसपास कुणाकडे शेणाचा बायोगॅस असेलच, कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात तर बऱ्याच घरांमागे आहे. त्यांना विचारून शेणकाल्यात मिसळा, पण एकदम नाही, रोज अर्धा लिटर, कारण आंबट रस एकदम गेला तर आतले मिथेनचे जंतू दबतात आणि दोन दिवस शेगडी पेटत नाही. चुन्याचं पाणी मात्र त्यात घालू नका, ते वेगळं ठेवून लिंबूसत्त्वाने पीएच ७ च्या आसपास आणून मगच झाडाला घाला.