मोठी मूळ संख्या वहीवर कशी पारखावी

दापोली तालुक्यातल्या मुर्डीत १८७६ साली गणितज्ञ रँग्लर परांजपे जन्मले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एदुआर ल्युका यांनी एक ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं हातानं आकडेमोड करून सिद्ध केलं: २ चा १२७ वा घात, उणे १. त्यांची रीत पुढे डी. एच. लेमर यांनी सोपी केली. ती आठवी-नववीच्या मुलांना नक्की जमते. पावसात लाइट गेले तरी अडत नाही, वही-पेन पुरे.

१. घातांक निवडा. ही रीत फक्त मर्सेन संख्यांना चालते, म्हणजे २ चा घात उणे १. घातांक २ सोडून कुठलाही मूळ घ्या. तो संयुक्त असेल तर संख्याही संयुक्तच निघते, तिथे वेळ घालवू नका. आपण ७ घेऊ: १२८ − १ = १२७.

२. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून येणारी बाकी पुढे न्या. घातांकातून २ वजा करून येईल तितक्या वेळा, म्हणजे इथे पाच वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. यात ‘बहुतेक’ नाही.

३. भागाकार सोपा करा. १२७ ऐवजी १२८ ने भागा आणि भागाकार बाकीत मिळवा. प्रत्येक १२८ मध्ये १२७ गेले की १ च उरतो, म्हणून हे चालतं. मला या रीतीतलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

४ → १४
१४ → १९४; १ + ६६ = ६७
६७ → ४४८७; ३५ + ७ = ४२
४२ → १७६२; १३ + ९८ = १११
१११ → १२३१९; ९६ + ३१ = १२७, म्हणजे ०

१२७ मूळ ठरली.

४. फसणारं उदाहरण करून बघा. ११ मूळ आहे, पण २०४७ मूळ नाही. नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. संख्या संयुक्त असल्याचं कळलं, तेही एकही अवयव न शोधता! (अवयव २३ आणि ८९.)

५. राक्षसी संख्येचे अंक मोजा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे. त्याला २ च्या लॉगॅरिदमनं (पाया १०), म्हणजे ०.३०१०२९९९५७ ने गुणा, अपूर्णांक सोडा, १ मिळवा: ४,१०,२४,३२० अंक. पाठ असलेला ०.३०१०३ इथे वापरू नका, एक अंक जास्त येतो. शेवटचा अंक तोंडी निघतो. घातांकाला ४ ने भागून बाकी १ येते, म्हणून घात २ वर संपतो आणि संख्या १ वर.

आता १३ घ्या: संख्या ८१९१, पायऱ्या अकरा, भागायचं ८१९२ ने. शेवटी शून्य यायला हवं.