उपकरणाची मोठी मेमरी कर्नलमध्ये मॅप करताना

ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणाची १ जीबी मेमरी ४ केबीच्या पेजेसनी (ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी) मॅप केली, म्हणजे व्हर्च्युअल पत्त्यांशी जोडली, तर पेज टेबलमध्ये, म्हणजे या जोड्यांच्या तक्त्यात, २,६२,१४४ नोंदी भराव्या लागतात. तीच २ एमबीच्या पेजेसनी केल्यास ५१२ नोंदी पुरतात आणि टीएलबीवरील, म्हणजे अलीकडच्या जोड्या लक्षात ठेवणाऱ्या प्रोसेसरमधील छोट्या कॅशवरील, ताणही बराच हलका होतो. मात्र एक्स८६-६४ प्रोसेसरवर त्यासाठी फिजिकल (प्रत्यक्ष मेमरीचे) आणि व्हर्च्युअल (सॉफ्टवेअर वापरते ते) असे दोन्ही पत्ते २ एमबीच्या सीमेवरच सुरू व्हावे लागतात.

लिनक्समध्ये हा सलग भाग ‘आयओरीमॅप’ या मॅपिंग करणाऱ्या कर्नल फंक्शनकडे एकदाच सोपवावा, लहान तुकडे करून मागितल्यास मोठी पेजेस वापरण्याची संधी हातची जाते.

कॅशिंगचा प्रकार, म्हणजे प्रोसेसरने या मेमरीतला डेटा आपल्या कॅशमध्ये ठेवावा की नाही हे, निवडताना घाई करू नये, कारण माझ्या मते सर्वांत चिवट दोष येथेच दडतात. उपकरणाची नियंत्रण रजिस्टर्स अनकॅश्ड (कॅशविना) ठेवावीत, फ्रेमबफरसाठी (पडद्यावरील चित्राच्या मेमरीसाठी) राइट-कंबाइनिंग, म्हणजे अनेक छोटी लेखने एकत्र करून पाठवण्याचा प्रकार, घ्यावे, आणि एकाच फिजिकल भागाचे दोन वेगळ्या कॅशिंग प्रकारांचे मॅपिंग कधीही करू नये.

हीच मेमरी यूजर प्रोसेसला द्यायची असेल, तर मागितलेला ऑफसेट (सुरुवातीपासूनचे अंतर) आणि लांबी उपकरणाच्या मर्यादेत आहेत याची खातरजमा करावी व त्यांच्या बेरजेचा ओव्हरफ्लोही तपासावा. त्यानंतर सर्व नोंदी आधीच न भरता, पेज फॉल्ट येईल, म्हणजे न जोडलेल्या पत्त्याला प्रोसेस हात लावेल, तेव्हाच, शक्य तेथे मोठे पेज जोडावे.