व्हीएममध्ये नॅस चालवताय? मग या चुका टाळा

एकाच बॉक्सवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टीम; खाली तिलाच होस्ट म्हटलंय) टाकायचं आणि त्याच्या आत एका व्हीएममध्ये ट्रूनॅस (नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणारं स्टोरेज, चालवणारी सिस्टीम) चालवायचं, हा सेटअप चालतो, वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे "असलं काही करूच नका" म्हणणाऱ्यांकडे फार लक्ष द्यायची गरज नाही. पण तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा मुळाशी एकच भानगड निघते, डिस्क नक्की कोणाच्या ताब्यात आहेत हे ठरलेलंच नसतं, होस्टचाही त्यात हात आणि व्हीएमचाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर अजिबातच नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे झेडएफएसवर झेडएफएस (डिस्क एकत्र करून एक साठा, म्हणजे पूल, बनवणारी फाइल सिस्टीम). होस्टवर आधीच पूल बनवलेला असतो, त्यातून व्हीएमला एक मोठी व्हर्च्युअल डिस्क काढून देतात आणि आत ट्रूनॅसला परत त्याच्यावर पूल बनवायला लावतात. पहिल्या दिवशी सगळं मस्त दिसतं. पण प्रत्येक राइट दोन-दोन वेळा कॉपी-ऑन-राइटमधून (जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिणं) जातो, कॅशसाठी रॅम दोन्हीकडे खाल्ली जाते, आणि आतल्या पूलला एकच डिस्क दिसत असल्याने चेकसमची चूक (म्हणजे डेटा खराब झाल्याची खूण) त्याला सापडली तरी दुरुस्त करायला दुसरी कॉपी कुठून आणणार? त्यात थिन प्रोव्हिजनिंग (जागा आधीच न अडवता लागेल तशी देणं) असेल आणि होस्टची जागा संपली की व्हीएम पॉज होऊन बसते, स्टेटसमध्ये आयओ-एरर दिसतो, आणि डिस्कवर डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा होस्टला कळवणारी सेटिंग) चालू केलेलं नसेल तर आतून कितीही फाइली उडवल्या तरी होस्टवर एक जीबीसुद्धा मोकळा होत नाही. माझं मत विचाराल तर पूल होस्टवरच ठेवायचा असेल तर ट्रूनॅसचा नादच सोडा, एका हलक्या कंटेनरमध्ये (अख्ख्या व्हीएमऐवजी होस्टवरच वेगळा ठेवलेला कप्पा) साम्बा (फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) टाका आणि मोकळे व्हा.

दुसरा प्रकार, एकेक डिस्क आयडीने व्हीएमला जोडणे. बरेच जण याला पासथ्रू (खरं हार्डवेअर थेट व्हीएमच्या हाती देणं) म्हणतात पण व्हीएमला तिथे खरी डिस्क दिसतच नाही, दिसते ती क्यूईएमयू हार्डडिस्क नावाची व्हर्च्युअल डिस्क. म्हणजे स्मार्टचा डेटा (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) आत पोचत नाही, डिस्कचे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत असले तरी ट्रूनॅसचा डॅशबोर्ड हिरवागार. असा सेटअप असेलच तर स्मार्ट टेस्ट आणि त्याचे अलर्ट होस्टवर लावा, आणि प्रत्येक डिस्कला सीरियल नंबर हाताने टाका, नाहीतर डिस्क गेली की चारातली कोणती उपटायची हे कळणार नाही आणि चुकून चांगली डिस्क उपटाल. आणखी एक, या डिस्कवरची बॅकअपची टिक काढा, कारण ती डीफॉल्टने चालू असते आणि मग रात्रीचा व्हीएम बॅकअप अख्खी डेटा डिस्क कॉपी करायला घेतो.

खरा उपाय म्हणजे अख्खा कंट्रोलरच व्हीएमला देऊन टाकायचा. एलएसआय ९२११-८आय सारखं एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं कंट्रोलर कार्ड), आयटी मोडच्या फर्मवेअरसह (डिस्क जशाच्या तशा दाखवणारं), रेड (RAID, म्हणजे कार्डनेच डिस्क एकत्र करणारं) फर्मवेअर नको. बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेल) किंवा एएमडी-व्हीआय (एएमडी), म्हणजे हार्डवेअर व्हीएमला देऊ देणारी सोय, चालू पाहिजे आणि द्यायच्या आधी आयओएमएमयू ग्रुप (एकत्रच द्यावी लागणारी उपकरणं) बघायलाच पाहिजेत, कारण त्याच ग्रुपमध्ये नेटवर्क कार्ड असेल तर तेही होस्टच्या हातून जाणार. मदरबोर्डचा साटा कंट्रोलर देताना तर दहादा बघा, होस्टची बूट डिस्क त्याच्यावरच असेल तर व्हीएम स्टार्ट केल्या क्षणी होस्ट गार. वर त्या व्हीएमला ऑटोस्टार्ट असेल तर प्रत्येक रीबूटला तेच. यातून सुटायचा मार्ग सोपा आहे, बायोसमध्ये जाऊन व्हीटी-डी बंद करा, मग व्हीएम स्टार्टच होऊ शकत नाही, होस्ट नीट वर येतो, तेवढ्यात ऑटोस्टार्ट काढून टाका. (ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात, घरच्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकवर छोटा फॅन लावा.)

आता सगळ्यात डेंजर गोष्ट. कार्ड पासथ्रू केलंय, पण होस्ट बूट होताना आधी होस्टचाच एमपीटी३सॅस ड्रायव्हर कार्ड पकडतो, डिस्क दिसतात, होस्टला झेडएफएस येतंच, तो पूल इम्पोर्ट करून (म्हणजे वापरायला घेऊन) टाकतो, आणि मग व्हीएम सुरू होताना कार्ड त्याच्या हातातून हिसकावलं जातं. आत ट्रूनॅस तक्रार करतं की हा पूल दुसऱ्या सिस्टीमने वापरलाय, आणि माणूस वैतागून फोर्स इम्पोर्ट मारतो. थांबा! आधी व्हीएम बंद करा, होस्टवर झेडपूल लिस्ट (पूलची यादी देणारी कमांड) बघा, तिथे पूल दिसला तर आधी एक्सपोर्ट करा (म्हणजे वापरातून नीट सोडा). दोघांनी एकाच वेळी त्या पूलवर लिहिलं तर पुढे बॅकअपशिवाय काही हाताला लागत नाही. कायमचा इलाज म्हणजे कार्डचा आयडी व्हीएफआयओ-पीसीआय ड्रायव्हरला (कार्ड व्हीएमसाठी राखून ठेवणारा) बांधायचा, एमपीटी३सॅसच्या आधी तो लोड होईल असं सांगायचं, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीलाच लोड होणारी फाइल) अपडेट करून रीबूट, आणि व्हीएम बंद असतानाच एलएसपीसीआयमध्ये (जोडलेल्या कार्डांची यादी देणारी कमांड) वापरात असलेला ड्रायव्हर व्हीएफआयओ-पीसीआय दिसतोय का ते बघायचं. पुढे कधी नवीन कार्ड घातलंत तर पीसीआय पत्ते सरकू शकतात आणि व्हीएमला भलतंच डिव्हाइस जातं, तेव्हा परत तपासा.

रॅमचं थोडक्यात. पासथ्रू असलं की व्हीएमची सगळी रॅम पहिल्यापासून अडकून पडते, बलूनिंगचा (न लागणारी रॅम होस्टला परत देणं) काही उपयोग नाही, १६ जीबी दिली की गेली. होस्टवरही झेडएफएस असेल तर त्याच्या कॅशला लिमिट घाला. नॅसची व्हीएम मध्येच आपोआप बंद पडत असेल तर आतले लॉग चाळत बसू नका, होस्टच्या जर्नलमध्ये (सिस्टीमचा लॉग) "आउट ऑफ मेमरी" आणि केव्हीएमची (म्हणजे व्हीएम चालवणारी) प्रोसेस मारल्याची ओळ सापडते का बघा.

मग ते गोल फिरणारं प्रकरण. होस्टने आपल्याच पोटातल्या व्हीएमकडून एनएफएस शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) घ्यायचा आणि बाकीच्या व्हीएमच्या डिस्क त्याच्यावर ठेवायच्या, चालतं, पण नॅसला स्टार्टअप ऑर्डरमध्ये पहिला नंबर आणि पुढे दोन-तीन मिनिटांचा डिले द्या, नाहीतर लाइट जाऊन आली की बाकी कुणीच उठत नाही. नॅसच्या व्हीएमचा बॅकअप मात्र त्याच शेअरवर नको म्हणजे नको. यूपीएसचं नट (NUT, यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) होस्टवर चालवा आणि व्हीएमच्या आत गेस्ट एजंट (होस्टचे निरोप ऐकणारा छोटा प्रोग्राम) ठेवा, म्हणजे होस्ट बंद होताना आधी व्हीएमला नीट बंद करेल.

आणि डेटा भरायच्या आधी एक करून बघा, त्याच मशीनला प्रॉक्समॉक्सशिवाय, त्याच व्हर्जनचं ट्रूनॅस दुसऱ्या एखाद्या एसएसडीवर टाकून थेट बूट करा आणि पूल इम्पोर्ट होतोय का बघा. व्हर्जन जुनं असेल तर नवीन फीचर चालू केलेला पूल ते घेणार नाही. काम झालं की परत एक्सपोर्ट करायला विसरू नका, नाहीतर व्हीएममध्ये पुन्हा तीच तक्रार दिसेल.