कुळ्याचा नंबर आधी, चांदरचा वाडा नंतर

दूधसागर धबधबा आणि दक्षिण गोव्यातली पोर्तुगीज काळातली गावं एका दिवसात नीट पाहून होतात. धबधब्याकडे जाणाऱ्या जीप कुळे गावातून सुटतात, त्यामुळे दिवस कुळ्याच्या जीपच्या रांगेपासून मोजायचा. तिथे तासभर उशीर झाला की तो तास शेवटच्या गावातून वजा होतो, आणि शेवटचं गाव चांदर असतं, म्हणजे सगळ्यात वेळ द्यावा असं.

मोसम ऑक्टोबर ते जानेवारी. पावसाळ्यात अभयारण्यातला जीपचा रस्ता बंद असतो. ऑक्टोबरातही पाऊस लांबला तर ओढे उतरेपर्यंत जीप सुटत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी चालकाकरवी कुळ्यात चौकशी करून घ्या. एप्रिलपर्यंत धार बारीक होते.

मडगावहून साडेसहाला निघा. चांदर, कुडचडे, सावर्डेमार्गे कुळे साधारण चाळीस किलोमीटर. पणजीहून फोंडा-मोलेमार्गे साठेक किलोमीटर पडतं, तेव्हा सहालाच गाडी हलवा. पावणेआठपर्यंत कुळ्यात पोचून नंबर लावायचा. स्वतःची गाडी पुढे जात नाही. एका जीपमध्ये सात जण बसतात आणि भाडं जीपवर ठरतं. चौघेच असाल तर रांगेतल्या एखाद्या तिघांना विचारा, दोघांचाही खर्च कमी होतो आणि जीप लवकर सुटते. वाटाड्या किंवा सहल कंपनी घेतली असेल तर दोन गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्या: जीपचं भाडं, अभयारण्याचं प्रवेशशुल्क आणि लाइफ जॅकेट ठरलेल्या रकमेत धरलंय का, आणि नंबर लावायला माणूस आधी जाणार का. भांडणं होतात ती बहुतेक याच दोन गोष्टींवरून.

कुळ्यापासून जीप बारा-एक किलोमीटर जंगलातून जाते, वाटेत ओढे ओलांडते. मोसमाच्या सुरुवातीला पाणी जीपच्या तळापर्यंत येतं, त्यामुळे पिशवी पायाशी ठेवू नका, मांडीवर घ्या. जीप थांबते तिथून शेवटची वाट दगडांवरून पायी. चप्पल इथे दगा देते; मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल हवेत. खाण्याचं काही हातात दिसू देऊ नका. पिशवीची चेन उघडी असेल तर माकडं वाटच पाहत असतात.

धबधबा 310 मीटर उंचीचा, चार टप्प्यांत कोसळणारा. मधोमध रेल्वेचा पूल आहे. रुळांवरून चालत इथे येणं हा गुन्हा आहे, शिवाय घाटातल्या बोगद्यांत गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. खालच्या डोहाचं पाणी गार आणि खोल आहे. जॅकेट अंगात असलं तरी धारेखाली जाऊ नका, तिथले दगड शेवाळलेले असतात. जीपचा थांबा साधारण दीड तासाचा असतो. त्यातला शेवटचा अर्धा तास कपडे बदलायला आणि परत चालायला राखून ठेवा. कोरडे कपडे सोबत हवेतच. पुढे ज्या घरांत जायचंय तिथे शिसवी खुर्च्या आणि जुनी जमीन आहे, ओल्या अंगाने तिथे पाऊल टाकू नये.

साडेबाराला कुळे सोडलं तर दीड-पावणेदोनला केपे. तिथला 'पालासियु दु देयांव' हा वाडा 1787 साली जुझे पावलु द आल्मैदा या धर्माधिकाऱ्याने बांधला; केपे गाव वसवलं तेही त्यांनीच. समोर चर्च, मागे कुशावतीच्या काठापर्यंत उतरलेली बाग. इथे जेवण मिळतं, पण आधी सांगून ठेवलं तरच. आयत्या वेळी गेलात तर कुडचड्यातच जेवून घ्या.

चांदर तिथून वीस-पंचवीस मिनिटांवर. कदंब राजांच्या काळात हे चंद्रपूर होतं. इथला मिनेझिस ब्रागांझा वाडा रस्त्यावरूनच लक्षात येतो: लांबच लांब दर्शनी भिंत आणि ओळीने 24 खिडक्या. गोव्यातल्या जुन्या घरांची ओळख पटवायची तर खिडकीच्या तावदानाजवळ जाऊन बघा. काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. ऊन त्यांतून दुधाळ होऊन आत येतं आणि डोळ्यांवर येत नाही. बोट लावू नका, शिंपला कडेने सुटतो. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा याच घराण्यातले. 1900 साली 'ओ हेराल्दो' हे दैनिक सुरू करण्यात त्यांचा वाटा होता, आणि पोर्तुगीज सत्तेवर त्यांनी उघड टीका केली. नाचाच्या दालनातली झुंबरं पाहताना हे ठाऊक असलेलं बरं.

लोटली हे जुन्या वाड्यांचं आणखी एक गाव त्याच दिवशी जोडण्याचा मोह होतो, तो टाळा. दोन घरं घाईने बघण्यापेक्षा चांदरला सव्वा तास द्या. चारला पोचलात तर उजेड पुरतो. पाचनंतर दार उघडेलच असं नाही, म्हणून आधी फोन करा. ही राहती घरं आहेत: पादत्राणांचं आणि फोटोंचं आधी विचारा, आणि घरमालक बोलत असतील तर पुढच्या खोलीत आपणहून शिरू नका. वाड्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, दोन वेगळ्या कुटुंबांचे. देखभालीसाठी दोन्हीकडे स्वतंत्र पैसे ठेवायचे असतात, तेव्हा सुट्या नोटा दोन खिशांत वेगवेगळ्या काढून ठेवा.